डोंगरवाटेची गाडी आणि आपला मणका

माझा भाचा अमेरिकेत युटा राज्यात असतो. तिथल्या खडकाळ वाटांवर दिवसदिवस हिंडायला त्याला ‘साइड-बाय-साइड’ गाडी घ्यायची आहे. शेजारीशेजारी आसने, मोटारीसारखे स्टीअरिंग आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असलेली ही उघडी गाडी. इंजिन किती ताकदीचे घेऊ, असे त्याने फोनवर विचारले. मी म्हटले, ते दुकानदाराला विचार. मला तुझ्या कंबरेचे सांग. त्याच्या मणक्याची चकती पूर्वी एकदा सरकली आहे.

बसलेल्या माणसाला सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा बसणारे हादरे सर्वांत बाधतात. आसनाचा धक्का अंगात वाढून पोचतो. तेव्हा आधी शॉकॅब्सॉर्बर पाहावेत. नुसती जाड गादी फसवी. खड्ड्यात ती दबली की ठोसा थेट मणक्याला! पाठ टेकून हात स्टीअरिंगला आणि पाय तळाला नीट पोचतात ना, हे तासभर चालवून पाहावे.

त्याहून मोठी भीती गाडी उलटण्याची. काही वाटांवर ५० इंचांहून रुंद गाडी चालत नाही, पण अरुंद गाडी लवकर कलंडते. कलंडताना माणूस नकळत हात बाहेर काढतो आणि तो पिंजऱ्याखाली चिरडतो. म्हणून दार किंवा जाळी, खांद्यावरचा पट्टा आणि हेल्मेट हवेच.

तासातासाला उतरून थोडे चालावे. पायाला मुंग्या आल्या, तर त्या दिवशी पुढे जाऊ नये. बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर मात्र तडक इस्पितळ गाठावे.