विष काट्यात नाही, चिकात

ताईंनो, शहागडात कुणाच्या दारात बोगनवेल असते, कुणाच्या कुंडीत काटेरी युफोर्बिया. दोन्हींना काटे, पण गुण वेगळे.

बोगनवेलीचा काटा टोचला तर दुखतं, सुजतं. विष चढत नाही. जखम साबणाने धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं दवाखान्यात विचारा.

युफोर्बियाचा पांढरा चीक मात्र जपा. अंगाला लागला तर आग होते, डोळ्यात गेला तर नजरेला धोका. डोळा १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा, मग दवाखाना गाठा. छाटताना हातमोजे घाला.

आणि कण्हेरीला काटा नाही म्हणून फसू नका. तिचं पान, फूल, बी सगळंच विषारी, थेट हृदयावर जातं. लेकराने चावलं तर उलटी काढू नका. १०८ ला फोन लावा, फांदी सोबत न्या.