कामकऱ्यांसाठीं तात्पुरतीं घरें

मोठें बांधकाम आरंभावयाचें म्हणजे सिमेंट व पोलाद यांच्याही आधीं कामकऱ्यांच्या निवाऱ्याची सोय लावावी लागते.

इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत हिंकले पॉइंट येथें दोन अणुभट्ट्यांच्या वीजकेंद्रास २०१६ सालीं अखेरची मंजुरी मिळाली. हजारों कारागीर बाहेरून यावयाचे होते. ते सारे जवळच्या ब्रिजवॉटर गांवांत बिऱ्हाडें शोधूं लागले, तर भाडीं चढून तेथील गरीब कुटुंबांना घर सोडावें लागेल, ही भीति होती. म्हणून पुढील दोन-तीन वर्षांत ब्रिजवॉटरला ९८६ व कामाच्या जागेजवळ ५१० खोल्यांची तात्पुरती वसाहत उभारण्यांत आली.

अशा खोल्या कारखान्यांत तयार होतात. पेटीसारख्या सांगाड्यांतच विजेच्या तारा, नळ व न्हाणीघर बसवितात. मग ती पेटी मालमोटारीनें आणून यारीनें पायावर ठेवावयाची, तिच्यावर दुसरी रचावयाची आणि पाण्याचे व सांडपाण्याचे नळ जोडावयाचे. इकडे पाया भरला जात असतां तिकडे खोली सिद्ध होते. वेळ वांचतो तो यामुळें. मात्र पाया समपातळींत नसेल तर पेट्यांचे सांधे जुळत नाहींत. आणि पेटीची रुंदी रस्त्याला मानवेल तेवढीच ठेवावी लागते.

परंतु खरी कसोटी माणसांच्या मोजणीची. एका वेळीं कामावर फार तर ५६०० माणसें असतील, हा आरंभींचा अंदाज पुढें मागें पडला व बिऱ्हाडांचा भार पुन्हां गांवावर आला. अशी खोली वाढविणें सोपें असतें. तिच्यासाठीं जमीन व सांडपाण्याची वाट मात्र आधींच राखून ठेवावी लागते.