अर्ज सोपा, उत्तर दुर्मिळ

नोकरीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविण्याचे दिवस आता संपले, असे नवनवीन मोबाईल अ‍ॅप्सच्या जाहिराती आम्हांस सांगत असतात. उंबरठे झिजणे कमी झाले हे मान्य. परंतु त्यांच्यापुढे ताटकळणारा तरुण आहे तेथेच आहे. शंभर ठिकाणी अर्ज करावयास पूर्वी शंभर लिफाफे लागत, आता शंभर वेळा बोट टेकविले की भागते. उत्तर तेव्हाही क्वचितच येई, आताही क्वचितच येते. नोकरीचा शोध सुलभ करणाऱ्या अ‍ॅपचा विषय निघाला म्हणजे तज्ज्ञमंडळी रंगसंगती आणि चित्रखुणांवर तास खर्ची घालतात. आमच्या मते प्रश्नाला हात तेथून घालावयाचाच नसतो. अर्ज सोपा हवा हे खरेच; पण त्याआधी जागेविषयीची खरी माहिती सहज मिळाली पाहिजे आणि ती देण्याचा भार मालकावर पडला पाहिजे.

रोजगार विनिमय केंद्रात नाव नोंदवून वर्षानुवर्षे ‘कॉल’ची वाट पाहणारी पिढी गोमंतकाने पाहिली आहे. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर आणि २५ वा त्याहून अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिक्त जागा या केंद्रांना कळविण्याचे बंधन घातले होते. मात्र केंद्राने पाठविलेल्या उमेदवारालाच घ्यावे, असे बंधन त्यात नव्हते. जागा कळवावयाची आणि माणूस आपल्या पसंतीचा घ्यावयाचा, असा तो मामला. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. दरम्यान १९९७ मध्ये ‘नोकरी डॉट कॉम’ आले, २०१५ मध्ये केंद्र सरकारचे ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि २०१९ मध्ये ‘अपना’ हे अ‍ॅप निघाले. या शेवटच्याचे एका बाबतीत कौतुक करावेसे वाटते. ज्याने जन्मात कधी बायोडाटा लिहिला नाही, अशा वायरमनला वा ड्रायव्हरला त्याने नाव, शिक्षण, येत असलेले काम अशा मोजक्या गोष्टी विचारल्या आणि त्याचे व्हिजिटिंग कार्ड तयार करून दिले. सोपेपणा म्हणतात तो हा.

याउलट भरतीचे बहुतेक ऑनलाइन अर्ज पाहावेत. छायाचित्र अमुकच किलोबाइटचे, सही तमुकच आकाराची, दाखला पीडीएफमध्येच. गावचा मुलगा अखेर झेरॉक्सच्या दुकानात जातो, पन्नास-शंभर रुपये मोजून अर्ज भरून घेतो आणि पुष्कळदा ई-मेलचा पत्ता त्या दुकानदाराचाच लागतो. पुढे मुलाखतीचे पत्र येते ते दुकानदाराकडे! सरकारी नोकरीसाठी येथे लागणारा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला एकदा तपासून झाल्यावर प्रत्येक खात्याने तो पुन्हा का मागावा, याचे उत्तर संगणकाच्या युगात तरी कोणी द्यावे. आणि अर्जाची भाषा? येथे भाषावादाचे जुने निखारे फुंकण्याची आमची इच्छा नाही. देवनागरी कोकणी आणि मराठी दोन्ही ठेवा, पण ‘करंट सीटीसी’ काय असते हे विचारावयास मुलाला दुसऱ्याच्या दारी पाठवू नका.

खरी गोम मात्र जाहिरातीत आहे. ‘आकर्षक वेतन’ या दोन शब्दांनी आजवर किती जणांचा प्रवासखर्च बुडविला असेल! वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळणाऱ्या मुलीच्या घरची माणसे सर्वांत आधी काय विचारतात? पाळी रात्री किती वाजता सुटते आणि त्या वेळी बस आहे काय? कंपनीची गाडी नाक्यापर्यंत सोडते की घरापर्यंत? मग पुढचे प्रश्न : नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची? हातात पडणारी रक्कम किती? हॉटेलातील काम बारमाही की पर्यटनाचा हंगाम सरला की संपणारे? चवथीला सुट्टी मिळेल काय, हा प्रश्नही आमच्या लेखी क्षुल्लक नाही. उमेदवाराला वीस रकाने भरावयास लावणाऱ्या अ‍ॅपने एवढे पाच-सहा रकाने मालकाकडून सक्तीने भरून घ्यावेत. वेतनाचा रकाना रिकामा असेल, तर जाहिरात पुढे सरकताच कामा नये.

२०२४ च्या मे महिन्यात गोव्यातील एका औषध कंपनीने येथील कारखान्यातील जागांसाठी महाराष्ट्रात बोईसर येथे मुलाखती ठेवल्या, तेव्हा येथे गदारोळ माजला. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे उजेडात आली व अटका झाल्या. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कोणती जागा, कोठे, कशी भरली जाणार, हे सामान्य माणसाला ठाऊक नसते आणि या अज्ञानावरच दलाल पोसला जातो. तारवावर नोकरी देणाऱ्या एजंटाला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आखातात माणसे पाठविणाऱ्याला १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. हे क्रमांक पडताळल्यावाचून त्यांची जाहिरात अ‍ॅपवर येऊच नये. हे काम यंत्राच्या हातचे आहे, त्याला रंगसंगती लागत नाही.

खाजगी अ‍ॅप्स हे करतील असे आम्ही धरून चालत नाही. त्यांचे उत्पन्न मुख्यतः मालकवर्गाकडून येते आणि पैसे देणाऱ्याला अडचणीचे प्रश्न विचारण्याची त्यांना काय गरज? सरकारी अ‍ॅपला ही अडचण नाही. असलाच तर अडसर आहे तो खात्यांच्या सवयीचा. अर्ज पोचला, छाननी झाली, जागा भरली, निवड झाली नाही, या चार निरोपांपैकी जो लागू असेल तो ठरलेल्या दिवसांत उमेदवाराला गेलाच पाहिजे, इतके जरी सरकारने स्वतःच्या भरतीपुरते पाळले तरी पुष्कळ झाले. आणि अशा अ‍ॅपची चाचणी पर्वरीच्या वातानुकूलित दालनात घेऊ नये. काणकोणच्या बसस्थानकावर, स्वस्तातल्या जुन्या मोबाईलवर, कॉलेजातून घरी परतणाऱ्या मुलांच्या हातात ते द्यावे आणि बस येईपर्यंत त्यांचा अर्ज भरून होतो की नाही ते पाहावे.