संशोधकाची साधने – भाग ६ : झोटेरोची लायब्ररी सांभाळताना

मागच्या भागात झोटेरोत संदर्भ कसे गोळा करायचे ते पाहिलं. पीएचडीचं काम दोन-तीन वर्षं चाललं की या लायब्ररीत हजारभर नोंदी, शेकडो पीडीएफ आणि त्यांवरची टिपणं साठतात. प्रबंधाची फाइल सगळेच जपतात, गाइडना मेल करून ठेवतात. संदर्भांची आठवण मात्र लॅपटॉप बंद पडल्यावरच होते.

मग बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे झोटेरोचा अख्खा फोल्डर ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये हलवायचा. कृपा करून हे करू नका. झोटेरो बनवणारेही हेच बजावतात, आणि त्यामागचं कारण समजून घेण्याजोगं आहे.

सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’खाली ‘शो डेटा डिरेक्टरी’ हे बटण दाबा. उघडलेल्या फोल्डरमध्ये ‘स्टोरेज’ दिसेल. त्याच्या आत आठ अक्षर-अंकांच्या नावांचे ढीगभर छोटे फोल्डर असतात, आणि बहुतेकांत एकेक पीडीएफ. बाहेर असते ‘झोटेरो.एसक्यूलाइट’ ही फाइल. नोंदी, टॅग, कलेक्शन, टिपणं असं सगळं या एकाच फाइलीत आहे. हा डेटाबेस आहे आणि झोटेरो उघडं असताना त्यात लिहिणं-पुसणं चालूच असतं. एखादी नोंद बदलताना आधीचा मजकूर शेजारच्या जर्नल फाइलीत ठेवला जातो, मग मूळ फाइलीत बदल होतो. काम पुरं झालं की जर्नलची गरज संपते. मध्येच काही अडलं तर तिच्याच आधारे डेटाबेस सावरतो.

क्लाउडच्या सेवेला हा क्रम ठाऊक नसतो. फाइल बदललेली दिसली की ती उचलायची, एवढंच तिला कळतं. दुकानदाराने वहीत जमा लिहिली आणि नावे लिहायच्या आत कुणी ते पान झेरॉक्सला नेलं, तर त्या प्रतीवरून हिशेब कसा लागणार? अशी अर्धी प्रत घरच्या कम्प्युटरवर उतरली की डेटाबेस बिघडतो. दोन्हीकडे झोटेरो एकाच वेळी उघडं राहिलं तर धोका आणखी वाढतो. शिवाय बिघाड त्याच दिवशी लक्षात येईल असंही नाही.

दोन कम्प्युटरवर काम करायचं असेल तर झोटेरोचं स्वतःचं सिंक वापरा. ते फाइल न हलवता एकेक नोंद पाठवतं. नोंदी आणि टिपणांसाठी ते मोफत आहे, जागेची मर्यादाही नाही. पीडीएफसाठी मात्र 300 एमबीच मोफत मिळतात. जुन्या मराठी मासिकांचे स्कॅन जमवणाऱ्याला ते फार दिवस पुरणार नाहीत. मग जास्तीची जागा विकत घ्यावी, किंवा पीडीएफ कूफरसारख्या वेबडॅव्ह सेवेवर ठेवाव्यात. पण वेबडॅव्ह फक्त स्वतःच्या लायब्ररीला चालतं, ग्रुप लायब्ररीला नाही. पीडीएफ क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवून झोटेरोत नुसत्या ‘लिंक’ करणंही सुरक्षित आहे, डेटाबेस तेवढा तिथे जाता कामा नये. एंडनोट वापरणाऱ्यांनीही चालू लायब्ररी क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवू नये.

सिंक सुरू केलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण इथे एक कलेक्शन नोंदींसकट पुसलं तर ते तिकडेही पुसलं जातं. ट्रॅशमधल्या नोंदीही मूळ सेटिंगप्रमाणे 30 दिवसांनी कायमच्या जातात. झोटेरो डेटाबेसची ‘बॅक’ नावाची प्रत आपणहून ठेवतं, पण ती त्याच डिस्कवर असते आणि तिच्यात पीडीएफ नसतात. म्हणून आठवड्यातून एकदा झोटेरो पूर्ण बंद करा, अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि नावात तारीख घाला. त्याची झिप करून गूगल ड्राइव्हवर चढवली तरी हरकत नाही. ती निपचित पडलेली प्रत असते, तिच्यात कुणी लिहीत नसतं. आधीच्या दोन-तीन प्रतीही राहू द्या.

अशी प्रत परत आणायची वेळ आली तर आधी आपोआप होणारं सिंक बंद करा. नाहीतर सर्व्हरवरची पुसापुशी परत आणलेल्या नोंदींवरही लागू होईल. लायब्ररी नीट आहे याची खात्री झाली की सिंकच्या ‘रिसेट’मधला ‘रिप्लेस ऑनलाइन लायब्ररी’ हा पर्याय घ्या. त्याने सर्व्हरवरचं सगळं या कम्प्युटरवरच्या लायब्ररीप्रमाणे होतं. तेव्हा दुसऱ्या कम्प्युटरवर अलीकडे काही नवं टिपलं असेल, तर ते आधी वेगळं एक्स्पोर्ट करून ठेवा.