दोन कोटींचा प्रेक्षक आणि बीडची तिसरी घंटा

२०११च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. आष्टीपासून परळीपर्यंत, तान्ह्या लेकरासकट सगळ्यांनी एकदा एकच नाटक पाहिले, आणि असे आणखी सहा-सात जिल्हे पाठोपाठ खुर्च्यांवर बसून गेले, तर न्यूयॉर्कच्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ या संगीत नाटकाचा प्रेक्षक पुरा होतो. सुमारे दोन कोटी! २६ जानेवारी १९८८ला तिथे शुभारंभ झाला, १६ एप्रिल २०२३ला शेवटचा पडदा पडला. मधे १३,९८१ प्रयोग, तेही एकाच थिएटरात.

आपल्या संगीत नाटकाचा शुभारंभ त्याच्या १०७ वर्षे आधीचा. ३१ ऑक्टोबर १८८०ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले. आले तेही अर्धेमुर्धे : सातांपैकी चारच अंक. पुढच्या वर्षी नाटक पुरे झाले तेव्हा पदांची संख्या दोनशेच्या आसपास गेली होती. पदाला तीन मिनिटे धरली तरी नुसत्या गाण्याचे दहा तास. बरीचशी पदे आखूड होती हे खरे, पण वन्समोअर घेणाऱ्यांना घड्याळ कोण दाखवणार?

पुढचे आकडे तर खिशाला हात लावतात. ८ जुलै १९२१, मुंबईचे बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग, धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. एरवी एकमेकांशी चुरस असलेल्या दोन कंपन्या त्या रात्री एका रंगमंचावर. सर्वांत वरचे तिकीट १०० रुपये. त्या काळी तेवढ्यात तीन-चार तोळे सोने येत असे. म्हणजे आजच्या भावाने एका खुर्चीचे काही लाख. ‘मानापमान’च्याच पहिल्या प्रयोगाची, १२ मार्च १९११ची, किंमत मात्र कुठल्याच आकड्यात बसत नाही. त्या दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली होती, आणि बावीस वर्षांचा तो बाप शालू नेसून उभा राहिला. या निष्ठेचे आपण फार कौतुक करतो. मला त्यात थोडा क्रूरपणाही दिसतो.

गाजलेल्या शुभारंभांची गावे बघा : पुणे, मुंबई, ‘एकच प्याला’साठी बडोदे. पडदे, कपडेपट, साजिंदे आणि आचारी असा सगळा बारदाना घेऊन मंडळी दौऱ्यावर निघायची ती रेल्वेने. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. परळीला रूळ आले, पण बीड शहराला अहिल्यानगरची गाडी मिळाली १७ सप्टेंबर २०२५ला. ‘शाकुंतल’च्या पहिल्या घंटेनंतर जवळजवळ १४५ वर्षांनी! २६१ किलोमीटरच्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाचा परळीपर्यंतचा तुकडा तेव्हाही बाकीच होता.

तरी नाटकवाले बीडला आलेच. २००९चे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन बीडला भरले आणि अध्यक्ष होते रामदास कामत : १९६४च्या ‘मत्स्यगंधा’तले पराशर, गळ्याने नाटक तोलून धरणारा माणूस. संगीत रंगभूमीचा मान निदान एकदा या जिल्ह्याच्या मांडवात बसला.

आणि प्रयोगांचा आकडा गाठायला न्यूयॉर्कच लागते असेही नाही. प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ला १२,५००वा प्रयोग केला. सगळी नाटके संगीत नव्हेत, पण ‘फँटम’मध्ये नट बदलत राहिले, इथे माणूस एकच. चाळीस वर्षांच्या हिशेबाने वर्षाला तीनशेवर प्रयोग. एकटा माणूस ‘फँटम’च्या आकड्याला भिडतो!

तेव्हा निर्मात्यांना एवढेच सांगणे : रूळ आता आले आहेत. पन्नासाव्या प्रयोगाला नको, पुढच्या संगीत नाटकाच्या शुभारंभालाच बीडला या.