रंग निवडावा दार उघडून

गाडी घ्यायची ठरली की घरात इंजिनाची चर्चा पाच मिनिटांत आटोपते आणि रंगाची मात्र पाच दिवस चालते, हा अनुभव बहुतेक वाचकांना असेल. पूर्वी एकदा रंग ठरला की तो गाडीच्या जन्माला पुरत असे. आता तसे राहिले नाही. गाडीला नखशिखांत रंगीत फिल्म चिकटवून पांढरीची निळी आणि लालची राखाडी करून देणारी दुकाने आमच्या नाशकातही निघाली आहेत. ह्या फिल्मला 'रॅप' म्हणतात. नाव नवे असले तरी कूळ ओळखीचे आहे. मोटारसायकलच्या टाकीवर नाव काढून देणारा आपला रेडियमवाला जे व्हिनाइल वापरतो, त्याचेच हे सुधारलेले थोरले भावंड!

खरे म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या माणसांना रंगसंगती शिकवायला नको. येवल्याची पैठणी आमचीच. मोरपंखी अंगाला कोणता काठ खुलेल आणि अंजिरी लुगड्यावर कोणता पदर मरगळलेला दिसेल, हे इथल्या आजीबाई दुरून सांगतात. पण हीच मंडळी गाडीचा रॅप निवडताना दुकानातल्या आल्बममधला चार बोटांचा तुकडा पाहतात आणि "हा द्या" म्हणून मोकळी होतात. गाडी आतून बदामी आहे की काळी, ह्याची आठवणही कोणाला राहत नाही. बाहेरचा रंग रस्त्यावरचे लोक पाहतात. आपला सारा प्रवास मात्र आतल्या रंगाच्या संगतीत व्हायचा असतो, हे विसरून कसे चालेल?

रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. पॅरिसच्या प्रसिद्ध गोब्लँ विणकामशाळेत शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी रंग तपासला, तो निर्दोष निघाला. करामत होती ती शेजारच्या धाग्यांच्या रंगाची! ह्या विषयावर त्यांनी 1839 साली मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. गालिच्याचा हा न्याय गाडीलाही लागू पडतो.

गाडीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. फिल्म बाहेरच्या पत्र्याला लागते. दाराची आतली चौकट बहुधा मूळ रंगाचीच राहते. म्हणजे दार उघडले की तीन रंग एकदम दिसतात: बाहेरचा नवा, चौकटीचा जुना आणि आतल्या सीटचा. पैठणीच्या भाषेत बोलायचे तर अंग, काठ आणि पदर. मूळ गाडी पांढरी, चंदेरी किंवा काळी असेल तर हा काठ कशाशीही जुळवून घेतो. मूळची लाल गाडी निळी केलीत, तर दर वेळी दार उघडताना लाल पट्टी तुमचे स्वागत करील!

आता साधे ठोकताळे सांगते. आतून बदामी गाडीला चॉकलेटी, डाळिंबी, गडद हिरवा किंवा मोतिया रंग शोभतो. निळसर राखाडी घेतलात तर त्याच बदामी सीट पिवळट, मळकट वाटू लागतात. आतून राखाडी असेल तर निळा, चंदेरी, पांढरा हे घरचेच. तांबूस तपकिरी सीटना गडद निळ्यासारखा सोबती नाही. आतून काळी गाडी सर्वांशी जमवून घेते; पण आत काळे आणि बाहेरही काळे केलेत, तर वैशाखात दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसताना तव्यावर बसल्याचा अनुभव फुकट मिळेल. दुकानदाराकडून तळहाताएवढा तुकडा मागून घ्यावा, दार उघडून तो कडेला धरावा आणि तुकडा, चौकट व सीट एका नजरेत पाहावीत: एकदा भर दुपारी, एकदा संध्याकाळी. दुकानातल्या दिव्यांवर विसंबू नये.

इथवर हौसेची बाजू झाली. आता दुसरी बाजू. कारखान्यात गाडीवर रंगाचे थर देऊन ते भट्टीत भाजलेले असतात. फिल्म मात्र चिकटवलेली असते आणि जातीने प्लास्टिकच. अंगणातली बादली दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होते, तसेच हिचे. चांगली 'कास्ट' फिल्म जपल्यास चार-पाच वर्षे टिकावी. टप आणि बॉनेट यांवर ऊन सरळ पडते, तिथे त्याहून कमी. स्वस्तातली 'कॅलेंडर्ड' फिल्म लवकर आकसते आणि कडा सोडते. वॉशिंग सेंटरवरचा पाण्याचा जोरदार फवारा कडेवर बसला की तीही उचकटते. पक्ष्यांची घाण, जांभळाचे डाग, सांडलेले पेट्रोल लगेच पुसावे लागते. मॅट फिल्मला ओरखडा पडला तर पॉलिशने तो जात नाही. दसऱ्याला बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक काढाल, तर हळद तिथेच मुक्काम करण्याचा संभव आहे. आणि दिवाळीत फटाक्याची एक ठिणगी पडली की तेवढ्या जागी भोक ठरलेले!

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी जुन्या बाजारातून एक पांढरी गाडी घेतली. आतून स्वच्छ बदामी. त्याला ती मॅट काळी करायची होती. "मावशी, तू फक्त बघ, ओळखू येणार नाही!" कारागिराने गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या दारावर बोटाने टकटक केले आणि म्हणाला, "ताई, हे दार पुन्हा रंगवलेले आहे, आत पुट्टी आहे. उद्या फिल्म काढाल तेव्हा रंगही तिच्याबरोबर येईल. मग माझ्याशी भांडू नका." पन्नास-साठ हजारांचे गिऱ्हाईक समोर असताना असे सांगणारा माणूस मला मोलाचा वाटला. शेवटी आरसे आणि दारांखालची पट्टी तेवढी चॉकलेटी केली. बदामी सीटशी ती अशी काही जुळली की भाचा काळा रंग विसरला.

ह्यावरून उलटा धडाही घ्यावा. फिल्म दोष झाकते. रॅप केलेली जुनी गाडी विकत घेत असाल, तर खालचा गंज आणि पोचे यांची चौकशी केल्याशिवाय पैसे मोजू नका.

कायद्याचेही बोट धरावे लागते. गाडीचा रंग आर.सी. पुस्तकात नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 प्रमाणे गाडी आणि नोंद यांत तफावत चालत नाही. तेव्हा संपूर्ण रंग बदलायचा असेल तर आधी आर.टी.ओ.कडे जावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. तसेच सैन्याच्या गाड्यांचा ऑलिव्ह हिरवा रंग 1989 च्या केंद्रीय नियमांनुसार संरक्षण खात्यासाठी राखलेला आहे. तरुणांना तो फार आवडतो, म्हणून मुद्दाम सांगते.

मग रॅप करूच नये का? अवश्य करावा, पण तो गाडीची कातडी नव्हे, वस्त्र आहे, हे समजून करावा. मूळ रंग निकोप असेल, गाडी सावलीत उभी राहत असेल आणि चार वर्षांनी फिल्म वेळेवर काढून टाकण्याची तयारी असेल, तर हौसेला मोल नाही. फार उशीर केलात तर ती तुकड्यातुकड्यांनी निघते आणि गोंद मागे राहतो. हौस थोडी असेल तर आरसे आणि पट्ट्या पुरेत. पैठणीतसुद्धा सारा डौल काठपदरातच असतो, नाही का?