दारू एकाएकी बंद करणे का ठरते धोकादायक? व्यसनाचा मज्जासंस्थेवरील परिणाम आणि उपचार

रायपूर : मद्यसेवनाच्या प्रमाणात छत्तीसगड देशात आघाडीवर असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून स्पष्ट झाले होते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या या सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातील मद्यसेवनाचे प्रमाण देशात १४.६ टक्के, तर छत्तीसगडमध्ये ३५ टक्क्यांहून अधिक आढळले. देशात मद्याच्या आहारी गेलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकालाच कोणत्यातरी स्वरूपाचे उपचार मिळाले होते.

अनेकदा कुटुंबीय व्यसनी व्यक्तीची दारू घरच्या घरीच एकाएकी बंद करतात. दीर्घकाळ रोज मोठ्या प्रमाणात मद्यपान करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हा उपाय जिवावर बेतू शकतो. त्याचे कारण मज्जासंस्थेच्या कार्यपद्धतीत आहे.

मद्य मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ‘ग्लुटामेट’चा प्रभाव कमी करते. मद्य रोजच मिळू लागल्यावर समतोल राखण्यासाठी मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवतो. अशा स्थितीत मद्य अचानक थांबल्यास ही वाढलेली उत्तेजना अनियंत्रित होते. प्रथम हातांना कंप, घाम, निद्रानाश ही लक्षणे दिसतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तर साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम, भास व तीव्र अस्वस्थता उद्भवू शकते. ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ नावाच्या या अवस्थेत उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. त्यामुळे वैद्यकीय देखरेखीखाली डायझेपाम किंवा लोराझेपामसारखी औषधे देऊन त्यांची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी केली जाते. मेंदूला इजा होऊ नये यासाठी थायमिन, अर्थात ‘ब-१’ जीवनसत्त्वही दिले जाते.

हेरॉइन, अफू यांसारखे पदार्थ वेदनाशमनाशी संबंधित ग्राहींवर परिणाम करतात. अतिमात्रेमुळे श्वसन मंदावून मृत्यू होतो. नॅलोक्सोन हे औषध हा परिणाम तात्पुरता रोखते. काही काळ व्यसन थांबल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. त्यानंतर पूर्वीचीच मात्रा घेतल्यास ती प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच या रुग्णांना बुप्रेनॉर्फिनसारखे औषध दीर्घकाळ दिले जाते.

बहुतेक मादक पदार्थ मेंदूतील ‘डोपामिन’ची पातळी वाढवतात. पदार्थाशी निगडित जागा, मित्र व वेळ यांच्या आठवणी त्यामुळे पक्क्या होतात. शरीरातून पदार्थ निघून गेल्यानंतर अनेक महिन्यांनीही ओढ जाणवते, ती यामुळेच. व्यसनाची पुनरावृत्ती हा केवळ इच्छाशक्तीचा अभाव नव्हे; मधुमेहाप्रमाणे तिच्यावरही सातत्याने उपचार करावे लागतात. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधे, समुपदेशन आणि कुटुंबाचा सहभाग यांचा एकत्रित उपयोग होतो. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही समुपदेशन व कुटुंबाच्या सहभागावर भर दिला आहे.

कारवाईच्या भीतीने अनेक जण उपचार टाळतात. मात्र, अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेल्या आणि स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.

रायपूर येथील एम्सच्या मानसोपचार विभागात याबाबत सल्ला घेता येतो. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ हा क्रमांक निःशुल्क आहे. मद्यपान थांबवल्यानंतर झटके आल्यास किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागल्यास त्याला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक आहे.